बोटांच्या रक्तवाहिन्यांवरून स्वायत्त चेतापरीक्षण

बोटांच्या टोकांतील रक्तप्रवाहाचे चढउतार मोजून स्वायत्त चेतासंस्थेच्या अनुकंपी तंतूंची कार्यक्षमता तपासण्याची पद्धत. बोटाच्या टोकाशी त्वचेखाली रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या आखूड वाहिन्या दाटीने असतात. एकदम खोल श्वास घेतला की अनुकंपी तंतूंच्या इशाऱ्याने त्या आकसतात आणि काही सेकंदांत पूर्ववत होतात. रक्तप्रवाह मोजणाऱ्या लेसर डॉपलर यंत्राच्या आलेखात तेवढा खळगा उमटतो. दुसरा हात गार पाण्यात बुडवला किंवा तोंडी वजाबाकी करायला लावली, तरी तेच घडते. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात हे तंतू निकामी झाले, तर खळगा उथळ होतो किंवा उमटतच नाही.

मात्र सपाट आलेख म्हणजे चेताविकार, हे समीकरण धोक्याचे आहे. उदाहरणार्थ, निफाड तालुक्यात हिवाळ्यात पारा 5 अंशांखालीही उतरतो. पहाटे कांद्याच्या शेतातून आलेल्या माणसाच्या वाहिन्या थंडीनेच मिटलेल्या असतात. श्वासाने त्या आणखी किती आकसणार? विडी, चहा आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही असाच गोंधळ करतात. म्हणून आधी खोली उबदार करावी, बोटाचे तापमान मोजावे, हात गार असल्यास शेकून पुन्हा तपासावे. एवढे करायचे नसेल, तर चाचणी न केलेलीच बरी.

इतकी चंचल चाचणी हवीच कशाला, हृदयगतीच्या चाचण्या आहेतच, असा आक्षेप घेता येईल. पण खोल श्वासाबरोबर हृदयगती किती बदलते, यावरून मुख्यतः व्हेगस चेतेचे काम कळते. हाताच्या त्वचेपर्यंत जाणाऱ्या बारीक अनुकंपी तंतूंचा पत्ता त्यातून लागत नाही. यंत्र महाग आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. त्याला पाण्याचे उत्तर आहे. चेता तुटलेल्या बोटांना पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत, हे निरीक्षण 1973 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चाचणी म्हणून मांडले गेले. या सुरकुत्यांमागे वाहिन्यांचे आकसणेच असते, हे सिंगापूरच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवले. सुमारे 40 अंशांचे पाणी, अर्धा तास आणि एक तापमापक एवढे साहित्य ग्रामीण दवाखान्यात सहज जमते. सुरकुत्यांची प्रत नजरेने ठरवायची असल्याने दोन तपासनिसांचे मत जुळेलच असे नाही, ही उणीव राहते. शिवाय मधुमेहात सर्वांत लांब, म्हणजे पायांचे तंतू आधी बिघडतात; बोटांचा निकाल चांगला आला म्हणून पायांची तपासणी टाळता येत नाही.