कोण बघत होतं? बाळांच्या पडण्याचा इतिहास

हा भाग खरं तर सहा महिन्यांपूर्वीच रेकॉर्ड करायचा होता. जमलं नाही, कारण विषय घरातला आहे.

तर झालं असं की मागच्या पावसाळ्यात आमची मुलगी पलंगावरून पडली. सात महिन्यांची होती. सकाळचा स्टँड-अप कॉल चालू होता. पलंगाच्या एका टोकाला मी लॅपटॉप घेऊन बसलेलो, दुसऱ्या टोकाला दोन उशांच्या मध्ये ती. तोपर्यंत ती पालथी पडायची आणि तिथेच थांबायची. त्या दिवशी थांबली नाही. धप्प आवाज आला आणि मी अनम्यूट असल्यामुळे तो सगळ्या टीमने ऐकला.

बायको आंघोळीला गेली होती. ती ओल्या केसांनी बाहेर आली, आम्ही रिक्षा केली आणि डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी भराभर विचारलं. पडल्यावर लगेच रडली का? शुद्ध हरपली होती का? उलटी झाली? किती उंचीवरून पडली? खाली काय होतं, फरशी की सतरंजी? मग टेंगूळ दाबून पाहिलं, डोळ्यांत टॉर्च मारला आणि सांगितलं की दोन दिवस लक्ष ठेवा. उलट्या होत राहिल्या, उठवूनही नीट जागी झाली नाही, फिट आली किंवा नाका-कानातून रक्त-पाणी आलं, तर वाट न बघता दवाखान्यात आणा. पोरगी तोवर त्यांच्या स्टेथोस्कोपशी खेळत होती.

घरी आल्यावर फोन सुरू झाले. मावशी, आत्या, सासरचे, माहेरचे. सगळ्यांचा एकच प्रश्न, आणि तो माझ्या बायकोला. "तू कुठे होतीस?" मी सांगत होतो की खोलीत मी होतो, दोन फुटांवर मी होतो. कुणाच्या कानावर ते पडतच नव्हतं. रात्री ती म्हणाली, "मी अंघोळच नको होती करायला." मंडळी, हे वाक्य डोक्यात राहिलं.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी मीटिंग असते. तिथे नियम असा की कुणाची चूक हे विचारायचं नाही; सिस्टिमने ती चूक होऊ कशी दिली, ते विचारायचं. मग मी वाचायला लागलो, की बाळं पडण्याबद्दल हा प्रश्न कुणी, कधी विचारला.

पडणं जुनंच आहे. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत १४४० च्या आसपासची एक नेदरलंड्समधली हस्तलिखित प्रार्थनापोथी आहे, कॅथरीन ऑफ क्लीव्ह्ज हिच्यासाठी बनवलेली. त्यातल्या एका चित्रात जोसेफ रंधा मारतोय, मेरी मागावर विणतेय आणि बाळ येशू लाकडी चाकाच्या गाड्यात उभा आहे. आपल्या पांगुळगाड्याचा लांबचा भाऊच म्हणा. फरक एवढाच की आपला गाडा मूल मागून ढकलतं आणि त्या चित्रातलं बाळ चौकटीच्या आत उभं आहे. मला त्या चित्रातलं जास्त काय आवडलं तर आई-बाप दोघंही कामात आहेत. पोराकडे बघत बसायला कुणी मोकळं नाही.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात चालायला शिकणाऱ्या मुलांच्या डोक्याला कापसाने किंवा तशाच कशाने भरलेली गोल वळकटी बांधायचे. इंग्रज तिला पुडिंग म्हणायचे, कारण ती सॉसेजसारख्या पुडिंगच्या वळकटीसारखी दिसायची. डचांकडे तिचं नावच 'पडायची टोपी' अशा अर्थाचं होतं. फ्रॉकच्या खांद्यांना कापडी पट्ट्या शिवलेल्या असायच्या, त्या मागून धरून मोठी माणसं पोराला चालवायची. म्हणजे मूल पडणारच हे धरून चाललेली ही सोय.

मग आले रूसो साहेब. १७६२ च्या 'एमील'मध्ये त्यांनी ठणकावलं की माझ्या एमीलला टोपी नाही, गाडा नाही, पट्ट्या नाहीत. त्याला गवतावर न्या, दिवसातून शंभरदा पडू द्या. आपल्याकडचं 'पडे झडे माल वाढे' हेच सांगतं, फक्त कमी पानांत. एवढं मात्र सांगायला हवं, की स्वतःची पाचही मुलं जन्मल्यावर अनाथालयात देऊन टाकल्याचं रूसोने स्वतःच लिहून ठेवलंय. सल्ला द्यायला घरात पोर लागत नाही, हे तेव्हापासून चालत आलंय. आणि सल्ल्यात गवत होतं, हेही विसरू नका. आमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत.

गवत आणि टाइलमधला फरक ज्याने हिशेबात मांडला, त्याचा बाळांशी काही संबंध नव्हता. ह्यू डीहेवन हा अमेरिकन माणूस पहिल्या महायुद्धात कॅनडात विमान चालवायला शिकत होता. १९१७ मध्ये त्याचं विमान आकाशातच दुसऱ्याला धडकलं. तो वाचला, पण पोटातले अवयव फाटले, आणि त्याला वाटलं की हे पट्ट्याच्या टोकदार बकलमुळे झालं. पुढे त्याने इमारतींवरून पडूनही वाचलेल्या माणसांची माहिती गोळा केली. १९४२ मध्ये निबंध छापला : पन्नास ते दीडशे फुटांवरून पडून माणसं वाचली कशी? उत्तर असं, की शेवटी थांबताना जे काही होतं ते जरा दबलं, वाकलं, आणि त्या थोड्याशा अंतरात मार वाटला गेला. पडणं थांबवता आलं नाही तरी आपटणं बदलता येतं. गाड्यांमधल्या सुरक्षेचा पाया इथे आहे. आमच्या डॉक्टरांच्या "खाली काय होतं?" या प्रश्नातही हाच हिशेब होता.

आता न्यूयॉर्क. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग हाच.

साठ-सत्तरच्या दशकात तिथल्या गरीब वस्त्यांत उन्हाळा आला की मुलं खिडक्यांतून पडायची. जुन्या बहुमजली चाळवजा इमारती, एसी नाही, उकाड्याने खिडक्या उघड्या, खिडकीखालीच पलंग किंवा सोफा. आणि मूल पडलं की तोच प्रश्न : आई कुठे होती?

१९७२ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने एक कार्यक्रम सुरू केला. नाव होतं 'मुलं उडू शकत नाहीत'. आधी नोंद : दवाखाने आणि पोलिसांनी अशी प्रत्येक घटना कळवायची. मग परिचारिका त्या घरी जायची, सामान कुठे आहे ते बघायची, घरच्यांशी बोलायची. आणि मुख्य म्हणजे, सहज बसवता येतील असे खिडकीचे लोखंडी अडसर फुकट वाटले. सुमारे १६,००० अडसर, ४,२०० कुटुंबांना. ब्रॉन्क्स भागात १९७३ ते १९७५ या काळात कळवलेल्या घटना निम्म्यावर आल्या.

तेवढ्या काळात ब्रॉन्क्समधल्या आया दुप्पट सावध झाल्या असतील का? मला नाही वाटत. खिडकीत लोखंड आलं.

१९७६ मध्ये शहराने कायदाच केला. दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल ज्या घरात राहतं, तिथे अडसर बसवायची जबाबदारी इमारतीच्या मालकाची. फट साडेचार इंचांहून, म्हणजे साधारण साडेअकरा सेंटिमीटरहून मोठी नको. माझ्या भाड्याच्या करारात मांजर पाळू नये हे दोनदा लिहिलंय, ग्रिलबद्दल एक अक्षर नाही. आमच्या हॉलला ग्रिल आहे ते चोरांसाठी. बाल्कनीला मी परवा जाळी बसवली, माझ्या पैशाने.

"पण बघत राहिलं तर पडणार कशाला?" हा आमच्या आत्याचा मुद्दा. तिच्यासाठी वॉकरची गोष्ट. चाकांचा प्लॅस्टिकचा वॉकर, ज्यात बाळाला बसवतात, तो. त्यात बाळ सेकंदाला तीन फुटांहून जास्त वेगाने जाऊ शकतं. अमेरिकेत १९९० मध्ये पंधरा महिन्यांखालच्या सुमारे २०,६५० बाळांना वॉकरमुळे इमर्जन्सीत न्यावं लागलं; बहुतेक जिन्यावरून पडून. १९९७ मध्ये ओहायोतल्या डॉक्टरांनी अशा २७१ मुलांचा अभ्यास छापला. त्यात ६९ टक्के वेळा मोठं माणूस देखरेखीला हजर होतं. हजर! माणूस उठेपर्यंत वॉकर जिन्यावर पोचलेला असतो. सूचनांची लेबलं होती, जनजागृती होती, तरी हे चालूच होतं. त्याच वर्षी नवीन मानक आलं : वॉकर एक तर दारातून जाणार नाही इतका रुंद हवा, नाही तर पायरीच्या कडेला आपोआप थांबणारा. २००३ पर्यंत आकडा ३,२०१ वर उतरला. कॅनडाने तर २००४ मध्ये विक्रीवरच बंदी घातली, जगात पहिल्यांदा. आपल्याकडे बारशाला हमखास येतो. आमच्याकडे दोन आलेत, माळ्यावर आहेत.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, तू कधी पलंगावरून पडलाच नाहीस. पलंग होता कुठे आपल्याकडे? खाली गोधडी अंथरायची, त्यावर तू. लोळत लोळत दारापर्यंत जायचास." पलंग लग्नानंतर मीच ईएमआयवर घेतला होता. त्या रविवारी तो खोलून भिंतीला लावला, गादी जमिनीवर टाकली, बाजूने सतरंजी. माझी पाठ दुखते. बायको दार लावून निवांत आंघोळ करते.

मुलगी आता तेरा महिन्यांची आहे, चालते. कॅरन अडॉल्फ या न्यूयॉर्कच्याच मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने चालायला लागलेल्या १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं आणि पडणं मोजलं. २०१२ मध्ये छापलं : तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. परवा मीही मोजायला बसलो. अर्ध्या तासात अकरा. दर वेळी आई जमिनीवर चापट मारून "मुंगी मेली बघ!" म्हणायची आणि पोरगी मुंगी शोधायला लागायची. बाराव्या वेळी कॉल आला, मोजणी तिथेच राहिली.