घरची शाळा, पुस्तकांची सोबत

मुलाला शाळेत न पाठविता त्याचे शिक्षण घरीच करण्याच्या पद्धतीला गृहशिक्षण किंवा ‘होमस्कूलिंग’ म्हणतात. या पद्धतीचे अनेक प्रकार आहेत. काही घरांत शाळेचेच वेळापत्रक आणि तीच पाठ्यपुस्तके राबविली जातात, तर काही घरांत मुलाच्या कलावर सारे सोपविले जाते. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. त्यात धाक आणि गुणांची चढाओढ नसते. परंतु दिनक्रम असतो, उत्तम साहित्याचे नियमित वाचन असते, निसर्गाचे निरीक्षण असते आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा रोजचा सराव असतो. इंग्रजी पुस्तकांमुळे हा मार्ग परदेशी वाटला, तरी मराठी मुलखाला आणि विशेषतः कोल्हापूरला त्याची ओळख जुनी आहे.

मूळ विचार

या पद्धतीची सुसूत्र मांडणी शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्रज शिक्षिकेने केली. ‘होम एज्युकेशन’ हे तिचे पुस्तक १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १८९२ मध्ये तिने इंग्लंडमधील अँबलसाइड येथे शिक्षिकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू केली. मूल म्हणजे भरावयाचे रिकामे भांडे नसून जन्मतःच पूर्ण व्यक्ती आहे, हे तिच्या विचाराचे सूत्र. घरातले वातावरण, चांगल्या सवयी आणि मनाला मिळणारे विचारांचे अन्न या तिन्हींतून शिक्षण घडते, असे ती मानत असे.

तिची कार्यपद्धती साधी आहे. सहा वर्षांपर्यंत औपचारिक धडे द्यायचे नाहीत. मुलाने शक्य तितका वेळ उघड्यावर घालवावा. त्यानंतरचे धडे छोटे, लहान वयात पंधरा-वीस मिनिटांचे असावेत. एखाद्या विषयाची माहिती कोंबलेल्या क्रमिक पुस्तकाऐवजी, त्या विषयावर प्रेम असलेल्या लेखकाने जीव ओतून लिहिलेले पुस्तक निवडावे. अशा पुस्तकांना ती ‘जिवंत पुस्तके’ म्हणत असे. उतारा एकदाच वाचावा आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगावा. प्रश्नोत्तरे, गाळलेल्या जागा किंवा शिक्षकाचे स्पष्टीकरण यांची जागा हे कथन घेते. एकदाच वाचले जाणार आहे हे ठाऊक असल्याने मूल कान देऊन ऐकते. सांगताना ते क्रम लावते, शब्द शोधते, महत्त्वाचे काय ते ठरविते. साधारण दहाव्या वर्षापर्यंत कथन तोंडी, त्यानंतर हळूहळू लेखी होत जाते.

मराठी घरांतील पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलींना शाळेचे दार बंद होते. ज्या मोजक्या स्त्रिया शिकल्या, त्यांपैकी अनेक जणी घरी शिकल्या. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने रमाबाईंना. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या या कुटुंबात ग्रंथ हेच शिक्षण होते. रमाबाई रानडे यांचे शिक्षण १८७३ मध्ये विवाह झाल्यानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी घरीच सुरू केले. घरातील स्त्रियांचा त्याला असलेला विरोध त्यांनी आपल्या आठवणींत नोंदविला आहे.

कोल्हापूरशी जोडलेले उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांचे. पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त काही काळ कोल्हापुरात होते. आनंदीबाईंना अमेरिकेत शिकविण्याविषयीचा पत्रव्यवहार त्यांनी येथूनच सुरू केला. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. मात्र गोपाळरावांची शिकविण्याची रीत कठोर होती. अभ्यासात कुचराई झाल्यास ते मारहाण करीत, असे त्यांच्या चरित्रांतून दिसते. घरी दिले जाणारे शिक्षण आपोआप सौम्य होत नाही. शाळेतला धाक घरात आला, तर मुलाला त्यातून सुटकाही नसते.

शाहू महाराजांची सक्ती

कोल्हापुरात गृहशिक्षणाचा विचार करताना आणखी एक वारसा विसरता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. शेतात, गुऱ्हाळावर किंवा गुरांमागे जाणाऱ्या मुलांना अक्षर मिळावे आणि विद्येवरील मूठभरांची मिरासदारी मोडावी, हा त्यामागील हेतू होता. त्यांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी उभारलेली वसतिगृहे याच धोरणाचा भाग होती.

ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते, त्यांच्यासाठी शाळा हीच मुक्ती होती. आज शाळा नाकारू शकणारे पालक बहुधा स्वतः सुशिक्षित असतात; त्यांच्या घरी पुस्तके असतात आणि दोघांपैकी एकाला पूर्ण वेळ देता येतो. म्हणून या पद्धतीतील जे चांगले आहे, ते शाळेतही आणता येईल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे एक उत्तर कोल्हापुरातच मिळाले.

सृजन आनंदचा धडा

ज्येष्ठ कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या लीलाताई पाटील (१९२७-२०२०) यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. त्यापूर्वी त्यांनी अध्यापक महाविद्यालयात भावी शिक्षक घडविले होते. शाळेचे शिक्षण मुलाच्या जगण्याशी जोडलेले नाही, ही त्यांची खंत होती. परिसर, घर, बाजार, सण आणि मुलांचे प्रश्न हाच अभ्यासाचा कच्चा माल मानून त्यांनी उपक्रम रचले. भयमुक्त वातावरण आणि मुलांची स्वतःची अभिव्यक्ती यांना तेथे मध्यवर्ती स्थान होते.

या प्रयोगाचा सर्वांत टिकाऊ भाग मुलांच्या लेखनाचा आहे. फळ्यावरचा निबंध उतरवून घेण्याऐवजी मुलांनी पाहिलेले, अनुभवलेले स्वतः लिहावे आणि शिक्षकांनी त्या लेखनातून मूल समजून घ्यावे, हा लीलाताईंचा आग्रह होता. ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच तो आला आहे. ‘शिक्षण घेता-देता’, ‘ऐलमा पैलमा शिक्षण देवा’ आणि ‘प्रवास ध्यासाचा, आनंद सृजनाचा’ ही त्यांची इतर पुस्तकेही पालकांना उपयुक्त ठरावीत अशी आहेत.

या विचाराला आधीची परंपरा होती. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ (१९३२) या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्यांदा गोष्टच सांगू लागतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे बालशिक्षण गरिबांच्या अंगणात नेले. सौम्य आणि गोष्टीवेल्हाळ शिक्षण केवळ सुखवस्तू घरांपुरते नसते, हे या कामाने दाखविले.

मराठीतून कसे करता येईल?

इंग्रजीतील तयार पुस्तकयाद्या जशाच्या तशा घेणारे पालक एका अडचणीत सापडतात. त्या याद्यांतील ऋतू, पक्षी, राजे आणि खाणेपिणे मुलाच्या भोवती नसतात. ही पद्धत निरीक्षणावर उभी असल्याने तिला जवळचे साहित्य लागते आणि मराठीत ते मुबलक आहे.

अगदी लहानांसाठी ओव्या, बडबडगीते, चिमणी-कावळ्याच्या गोष्टी आणि पंचतंत्र आहे. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ मुलाच्या रोजच्या घराला पुस्तकात आणते. त्यांनीच संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या मालेत बालगट आणि कुमारगटासाठी मराठीतील निवडक लेखन एकत्र मिळते. विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्याने वाचण्यासाठीच आहेत. आठ ते बारा वयाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) देता येते. थोड्या मोठ्या मुलांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) वाचून दाखवावे. बालभारतीच्या ‘किशोर’ या १९७१ पासून निघणाऱ्या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर हे तर कोल्हापूरकरांचे हक्काचे ग्रंथालय.

पुस्तकाला परिसराची जोड द्यावी लागते. रंकाळ्याच्या काठी येणाऱ्या पक्ष्यांची वही, पंचगंगेच्या पाण्याची पावसाळ्यातील चढ-उतार, राधानगरी अभयारण्यातील गवे, पन्हाळ्याची तटबंदी हे सारे अभ्यासाचे विषय आहेत. टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. प्राचीन काळी समुद्रापलीकडून चालणारा व्यापार समजावून देण्यास ती एक मूर्ती पुरेशी आहे.

प्राथमिक वयात दिवसाचा आराखडा असा असू शकतो : सकाळी गणिताचा छोटा पाठ, त्यानंतर इतिहास किंवा विज्ञानाचा उतारा व त्याचे कथन, एक कविता, सुवाच्य अक्षरात दोन-चार ओळींचे लेखन, आणि दुपारनंतर मैदान, हस्तकला, घरकाम. गणिताला मात्र गोष्टींचा पर्याय नाही. तेथे क्रमवार सरावच हवा.

कायदा आणि परीक्षा

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमानुसार सहा ते चौदा वयाच्या पाल्यास परिसरातील शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षेची तरतूद कायद्यात नाही. गृहशिक्षणाला त्यात स्वतंत्र मान्यता नाही, तसेच त्यावर नाव घेऊन बंदीही नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला चौथ्या कलमानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. त्यामुळे चौदा वर्षांपर्यंत परतीचा रस्ता खुला असतो.

परीक्षांसाठी दोन प्रमुख वाटा आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. दहावीच्या परीक्षेसाठी तेथे किमान वय चौदा वर्षे असून मराठी माध्यमही घेता येते. दुसरी वाट राज्य मंडळाची. सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. त्याच्या अटी व मुदती मंडळ जाहीर करते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांसाठी मंडळाचे विभागीय कार्यालय कोल्हापुरातच आहे. अकरावी-बारावीत विज्ञान घ्यायचे असल्यास, कोणत्या मंडळाचे प्रमाणपत्र हवे याचा विचार आठवीच्या सुमारासच करावा.

सावधगिरीचे मुद्दे

गृहशिक्षणात सर्वाधिक खर्च होतो तो पालकांच्या वेळेचा. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना घरीच शिकविण्याचा प्रयत्न केला. पण सार्वजनिक कामामुळे पुरेसा वेळ देता आला नाही आणि मुलांच्या मनात त्याची सल राहिली, हे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. हा भार बहुधा आईवर येतो आणि त्यासाठी तिची नोकरी सुटते, याचाही घरात आधी मोकळा विचार व्हायला हवा.

दुसरा मुद्दा सोबतीचा. शाळेत वेगवेगळ्या जाती-धर्मांची आणि आर्थिक स्तरांची मुले एका बाकावर बसतात. पुस्तकांनी वेढलेल्या घरात तशी सोबत सहज मिळत नाही. ती तालमीत, मैदानावर, गायनाच्या वर्गात, ग्रंथालयात मुद्दाम मिळवून द्यावी लागते. तिसरा मुद्दा निदानाचा. वाचनात किंवा गणितात मुलाला खरी अडचण असेल, तर ‘वेळ आली की येईल’ म्हणून ती दुर्लक्षिली जाण्याचा धोका असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाचन जमत नसल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

या पद्धतीचा गाभा मात्र शाळा सोडल्यावाचूनही घेता येतो. रोज रात्री पंधरा-वीस मिनिटे चांगले पुस्तक मोठ्याने वाचणे, दुसऱ्या दिवशी मुलाकडून ती गोष्ट ऐकणे, मध्येच न टोकणे, आणि आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत पायी फिरून पाहिलेले वहीत उतरविणे, एवढे बहुतेक घरांना शक्य आहे. घरी पूर्ण वेळ शिकविण्याचा निर्णय घेण्यापूर्वी पालकांनी सलग सहा महिने एवढेच करून पाहावे. आपल्याला किती वेळ काढता येतो आणि मुलाचे बोलणे ऐकण्याची चिकाटी आपल्यात किती आहे, याची कल्पना त्यातून येते. त्यानंतर मुलाने शाळेतच राहायचे ठरले, तरी हे सहा महिने वाया जात नाहीत.