कोलोराडोचे पाणी : वाटणी आधी, मोजणी नंतर

सरासरी कशी काढायची हे आपण मुलांना शिकवतो. पण ती किती वर्षांच्या नोंदींवरून काढली आणि ती वर्षे कशी होती, हा प्रश्न फळ्यावर क्वचितच येतो. अमेरिकेतील कोलोराडो नदीच्या खोऱ्याचा हिशेब या एका प्रश्नापाशी शंभर वर्षे अडलेला आहे.

रॉकी पर्वतातील बर्फावर जगणारी ही नदी सुमारे २३०० किलोमीटर वाहत मेक्सिकोत शिरते आणि कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. मिळत असे, असे म्हणायला हवे. तिचे खोरे आपल्या कृष्णेच्या खोऱ्याच्या दुपटीहून मोठे, पण पाणी कृष्णेच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील शेती आणि शहरे झपाट्याने वाढू लागली. जो आधी पाणी वापरील त्याचा हक्क आधी, असा तिकडचा कायदा. आपल्याला गरज पडेपर्यंत सगळी नदी खालच्यांच्या नावावर होईल, अशी धास्ती वरच्या राज्यांना वाटली. म्हणून सात राज्यांचे प्रतिनिधी हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली एकत्र आले आणि २४ नोव्हेंबर १९२२ रोजी सांता फे येथे करार झाला. वरच्या खोऱ्याला वर्षाला सुमारे सव्वानऊ अब्ज घनमीटर पाणी, खालच्या खोऱ्याला तेवढेच. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १.८५ अब्ज देण्याचे ठरले. म्हणजे एकूण वाटप वीस अब्जांच्या वर गेले.

नदीत एवढे पाणी होते का? करार करणाऱ्यांच्या हाती जेमतेम वीसेक वर्षांची मोजमापे होती, आणि त्यातली बरीच वर्षे भरपूर पाण्याची होती. तरी सावध करणारे कोणी नव्हते असे नाही. सरकारच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील जलतज्ज्ञ ई. सी. लारू यांनी १९१६ च्या अहवालातच सांगितले होते, की खोऱ्यातील भिजवता येण्याजोग्या सगळ्या जमिनीला हे पाणी पुरणार नाही. तेव्हा विज्ञान पुढारलेले नव्हते, ही सबब म्हणूनच आम्हाला पटत नाही. आकडा मोठा धरला की सगळ्यांचे समाधान करता येते, हे कारण अधिक खरे वाटते.

मापनकेंद्रे नव्हती तेव्हाच्या नदीची साक्ष पुढे झाडांनी दिली. कोरड्या उतारावरच्या सूचिपर्णी झाडाचे वर्षवलय ओल असेल तर रुंद होते, अवर्षणात अगदी अरुंद. जे हिमपाणी झाडाला मिळते तेच नदीलाही मिळते. तेव्हा ज्या वर्षांची दोन्ही मोजमापे उपलब्ध आहेत, त्यांवरून वलयाची रुंदी आणि प्रवाह यांचे नाते बसवायचे आणि मग त्याआधीच्या शतकांचा प्रवाह वलयांवरून काढायचा. यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहून बारीक नमुना काढता येतो. (मजा अशी, की या शास्त्राचा पाया घालणारे ए. ई. डग्लस हे खगोलशास्त्रज्ञ. ते वलयांत सूर्यावरील डागांची चक्रे शोधत होते.) आपल्याकडे सागाची वलये स्पष्ट उमटतात आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत त्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. जवळच्या वखारीतला सागाचा एखादा ओंडका विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा.

१९७६ मध्ये चार्ल्स स्टॉक्टन आणि गॉर्डन जॅकोबी यांनी कोलोराडोचा असा हिशेब मांडला. दीर्घकालीन सरासरी निघाली सुमारे साडेसोळा अब्ज घनमीटर. करारामागची वर्षे ही कित्येक शतकांतल्या सर्वांत ओल्या काळात मोडत होती! पुढील अभ्यासांनी हा आकडा अठराच्या आसपास नेला, तरी वाटप त्याहून मोठेच राहते. शिवाय २००० ते २०१४ या काळात तापमानवाढ आणि दुष्काळ यांमुळे प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीहून सुमारे एक-पंचमांश घटला. ऑगस्ट २०२१ मध्ये हूव्हर धरणाच्या जलाशयासाठी प्रथमच अधिकृत तुटवडा जाहीर झाला.

तुटीचा पहिला फटका मात्र ज्यांना वाटाच नव्हता त्यांना बसला. १९२२ च्याच शरद ऋतूत वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड आपल्या भावासह होडीतून मेक्सिकोतल्या त्रिभुज प्रदेशात हिंडत होते. हिरवी तळी, पाणपक्ष्यांचे थवे, जग्वारचा वावर असे ते जग होते आणि कुकापा लोक तिथल्या मासळीवर जगत होते. करारात या प्रदेशासाठी थेंबही राखलेला नव्हता. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरण अडवल्यावर तो जलाशय भरेपर्यंत खाली जवळजवळ काहीच पोचले नाही.

दोन्ही देशांच्या २०१२ च्या समझोत्यानुसार मार्च ते मे २०१४ या काळात मोरेलोस धरणातून सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी केवळ नदीसाठी सोडण्यात आले. वार्षिक प्रवाहाच्या एक टक्क्याहूनही ते कमी होते. वेळ निवडली ती विलो आणि कॉटनवुड या झाडांचे बी पडण्याची. सान लुईस रिओ कोलोराडो या गावातले कोरडे पात्र भरले, तेव्हा लोक पाण्यात उतरून नाचले. लहान मुलांनी तिथे नदी प्रथमच पाहिली. मे महिन्याच्या मध्यावर ते पाणी समुद्राला मिळाले. उन्हाळ्यात पात्र पुन्हा आटले, पण ओल राहिली तिथे विलोची रोपे उगवली होती.