तलाव कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार. सकाळची शाळा. सहामाही परीक्षा आटोपलेली. मुलांचे चित्त घरच्या करंज्यांकडे, आणि खरे सांगायचे तर गुरुजींचेही. फळ्यावर अशा दिवशी काही लिहिण्यात अर्थ नसतो. म्हणून चौथीचा वर्ग घेऊन मी गावच्या तलावाच्या पाळीवर गेलो. पाळीच्या एका अंगाला कमळे आणि पाणकोंबड्या, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. हलका धान कापणीला आलेला, भारी धान अजून हिरव्यावर.

पाण्यात खडे टाकता टाकता एका चिमुरडीने विचारले, "गुरुजी, हा तलाव कोनाचा जी?"

मी सांगितले, "सरकारचा."

"मंग पार फुटते तवा सरकार कुठं रायते जी?"

झाडीपट्टीच्या बोलीत पाळीला पार म्हणतात. पोरे हसली, मीही हसलो. पण उत्तर काही दिले नाही. ते आता येथे द्यावे म्हणतो.

वाचकहो, आमचा गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण तलावांचे नाते काही कागदावर तुटत नाही. या दोन्ही जिल्ह्यांना मिळून लोक तलावांचा मुलूख म्हणतात. समुद्र येथून शेकडो कोस दूर, तरी कोणत्याही गावाची वाट धरा, अर्ध्या तासात पाणी आडवे येते. मात्र ही सरोवरे निसर्गाने दिलेली नाहीत. त्यांतली बहुतेक माणसाने हाताने बांधलेली आहेत.

ती कशासाठी बांधली? आमच्याकडे पाऊस काही कमी पडत नाही. पण तो सगळा चार महिन्यांत पडतो आणि ऐन वेळी दगा देतो. रोवणी झाली, धान पोटरीत आला, आणि उत्तरा-हस्त कोरडे गेले, की लोंबी पोचट राहते. वर्षभराचे अन्न त्या शेवटच्या एक-दोन पाण्यांवर अवलंबून. ते पाणी ढगांच्या हाती न ठेवता आपल्या हाती ठेवावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

या विद्येत कोहळी समाजाचा हात कोणी धरू शकत नसे. काशीयात्रेहून परतताना चांद्याच्या एका गोंड राजाने त्यांना आपल्या मुलखात आणले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखणारी ही माणसे होती. ऊस आणि धान ही त्यांची पिके. ज्याने तलाव बांधावा त्याला त्याखालची जमीन द्यावी, अशी गोंड राजांची रीत सांगतात. हा सौदा मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याचे शेत पाळीखाली, त्याचेच डोळे पाळीवर!

मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा कथेचा मोह मला आवरत नाही. नवेगावबांधचीच कथा पाहा. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधल्या खिंडी बुजवून सुमारे 11 चौरस किलोमीटरचा हा जलाशय उभा केला. भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. त्या सात देवींनी हात लावला तेव्हा कुठे पाळ तगली, असे लोक सांगतात. पुढे कोलू पाटलालाच लोकांनी देव केले. कोलासुर या नावाने त्याचे ठाणे त्या बांधाशी आहे. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारी ही माणसे कृतघ्न खास नव्हती. याच रानात वनाधिकारी म्हणून काढलेल्या काळावर मारुती चितमपल्ली यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिले, ते पुष्कळांनी वाचले असेल.

तलाव म्हणजे नुसता खड्डा नव्हे. वरून पाणी आणणारे रान, मधली मातीची पाळ, जादा पाणी वाहून नेणारा सांडवा, आणि शेतात पाणी सोडण्यासाठी ठेवलेले तुडूम, असा तो सारा संसार असतो. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, तो आणखी खालच्या बोडीला. पाणी कोणाच्या बांधीत आधी आणि कोणाच्या मागून, हे ठरवायला पाणकर असे. ढिवर मासे धरीत, शिंगाडा लावीत. गुरे पाणी पीत. सारा गाव त्या एका ताटात जेवे.

इंग्रजी अमलात 1861 साली मध्य प्रांत झाला आणि पुढच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. तलावही त्यांचेच ठरले. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी सरकारचेही डोळे उघडले. मग तिरोड्याकडे बोडलकसा 1917 साली आणि चोरखमारा 1923 साली, असे सरकारी तलाव झाले. पण गावोगावची पाळ राखण्याचे काम मालगुजाराकडेच राहिले. उन्हाळ्यात त्याची हाक आली की प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ घेऊन पाळीवर जाई. ही हाक नेहमीच गोड नसे. पुष्कळ ठिकाणी ती वेठ होती, आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही माती वाहावी लागे. तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही.

1951 साली मालगुजारी गेली. जावी हे योग्यच होते. तलाव सरकारजमा झाले, पुढे बहुतेक जिल्हा परिषदेकडे आले. माजी मालगुजारी तलाव असे लांबलचक नाव कागदावर लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून की काय, त्यांचे झाले 'मामा तलाव'! पूर्व विदर्भात असे सहा हजारांच्या वर मामा आहेत, एकट्या गोंदिया जिल्ह्यात हजाराच्या वर. पण भाच्यांनी मामाकडे फक्त खायला जायचे, मामाची विचारपूस मात्र करायची नाही, असे झाले. हाक देणारा गेला आणि त्याच्याबरोबर कुदळही गेली. गाळ साचला, बेशरमीच्या झुडपांनी काठ गिळले, तलावाच्या पोटात शेते शिरली.

आता माझी स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी श्रावणात मी पाळीवरून शाळेत जात असताना खालच्या अंगाला एक ओला डाग पाहिला. हातभर रुंदीचा असेल. खेकड्याचे बीळ असावे. कोणाला तरी सांगावे असे मनात आले. पण कोणाला? पंचायतीला? कचेरीला? उद्या पाहू, म्हणून मी पुढे गेलो. तिसऱ्या रात्री पाळ तेथेच फुटली. माणूस कोणी दगावले नाही, पण आठ घरांची रोवणी गाळाखाली गेली, आणि त्यांत माझ्या काकांची बांधीही होती. कचेरीला दोष देणारा अर्ज मीच लिहून दिला. अक्षर चांगले आहे म्हणून लोक माझ्याकडे आले होते. त्या अर्जात ओल्या डागाचा उल्लेख नव्हता.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात अलीकडे ढिवर समाजाच्या बायांनी काही तलावांतली बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना तेथे मासे हवे होते. त्यापायी आधी तलाव जगवावा लागतो हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. मालकी त्यांच्या नावावर नव्हती. गरज होती, आणि त्यांनी कोणाच्या हाकेची वाट पाहिली नाही. मालगुजाराची वेठ परत न आणताही पाळ राखता येते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

सुट्टी संपली की त्या मुलीला मी उत्तर देणार आहे. तलाव सरकारचा आहे हे खोटे नाही. पण पाळीवर ओला डाग दिसला, तर तो ज्याला दिसला त्याचा तलाव. मग वर्गाला घेऊन एकदा पाळीच्या खालच्या अंगाने चालत जाईन. वरून चालले की कमळे दिसतात. बिळे दिसायला खालूनच जावे लागते.