दोन मोत्ये आणि खुर्दा

अलंकार म्हटला की शाळकरी मुलांच्या डोळ्यांपुढे मुखचंद्र, चरणकमल आणि परीक्षेतले दोन गुण उभे राहतात. अलंकार ही कवींची चैन आहे, पोटापाण्याच्या व्यवहारात तिचे काय काम, असा एकूण समज. पण मराठ्यांच्या इतिहासातली सर्वांत दुःखाची बातमी पेशव्यांना कळली ती अलंकारातून. आणि तो अलंकार कोणा कवीने नव्हे, सावकाराच्या पेढीने घडविला होता.

दिवाळीच्या फराळाशी पानिपत कशाला, असे वाचक म्हणतील. पण कथा ऐकून तर घ्या.

१४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला, पानिपतावर मराठी फौज बुडाली. नानासाहेब पेशवे त्या वेळी भाऊसाहेबांच्या कुमकेसाठी उत्तरेकडे निघाले होते. वाटेत, माळव्यात, सावकारांचे पत्र घेऊन दक्षिणेकडे जाणारा एक जासूद त्यांच्या लोकांना भेटला. पत्र फोडले. आत एकाही माणसाचे नाव नव्हते, लढाईचा शब्द नव्हता. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, एवढाच त्यातला आशय. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात ही हकीकत दिली, आणि तेव्हापासून ती मराठी माणसाच्या तोंडी बसली.

नानासाहेबांना दुसऱ्या कोणी अर्थ सांगावा लागला नाही. दोन मोत्ये म्हणजे थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार.

आता वर्गातल्या फळ्याकडे वळू. ‘विश्वासराव मोत्यासारखा’ म्हटले तर उपमा. ‘विश्वासराव म्हणजे मोतीच’ म्हटले तर रूपक. पण विश्वासरावाचे नावच काढायचे नाही आणि नुसते ‘मोती गळाले’ म्हणायचे, ही तिसरी पायरी. इथे उपमान उपमेयाला गिळून टाकते. आपले जुने आलंकारिकही नेमका ‘गिळणे’ हाच शब्द वापरतात. या प्रकाराला ते अतिशयोक्तीत घालतात, रूपकातिशयोक्ती म्हणतात. नाव पाठ नाही झाले तरी चालेल. ज्याला माणूस माहीत आहे त्यालाच ते कळते आणि परक्याला कळत नाही, ही त्यातली किल्ली आहे. शत्रूच्या मुलखातून जाणाऱ्या पत्राला याहून चांगले कुलूप कोणते? वाटेत कोणी फोडलेच तर त्याला दिसणार एका पेढीचा तोटा!

मला स्वतःला मोत्यांपेक्षा त्या शेवटच्या वाक्याचा धाक वाटतो. हिशेब हाच ज्याचा धर्म, पैपैची नोंद झाल्याखेरीज ज्याची वही मिटत नाही, तो सावकार लिहितो की बेरीज लागत नाही! हजारो मेले हे सांगायला याहून भारी शब्द कोणाला सापडला असता?

आणि तरी त्याच वाक्यात एक बोच आहे. अलंकार नुसते झाकत नाही, तो किंमतही ठरवतो. मोती, मोहर, रुपया, खुर्दा, अशी ही उतरंड आहे. खुर्दा म्हणजे तांब्याची मोड, चिल्लर. मूळ फारसी शब्दाचा अर्थ लहान. वडगाव खुर्द, वडगाव बुद्रुक म्हणतो त्यातला खुर्द तोच. बारगीर, प्यादे, बाजारबुणगे, यात्रेच्या आशेने लष्कराबरोबर गेलेली बायकामाणसे, सारी या एका शब्दात गेली. तुमच्या माझ्या घरचा कोणी तिकडे गेला असेल, तर तो बहुधा या खुर्द्यातलाच. आजही एखाद्या सैन्याचा आपण ‘खुर्दा उडवितो’, तेव्हा हे कोणाला आठवते?

पानिपताने भाषेला आणखीही बरेच दिले. मुलगा गणितात नापास झाला की ‘पानिपत झाले’ म्हणून मोकळा होतो. ‘विश्वास पानपतात गेला’ हा श्लेष तर असा, की हसावे का रडावे ते कळू नये. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचारही लोक त्याच दिवसाशी जोडतात. पण संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकते, १७६१ साली ती लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली असली पाहिजे.

पेशव्यांनी ते पत्र वाचले आणि त्यांना उभारी म्हणून राहिली नाही. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

पण सावकाराने ज्या दोघांना एका दमात मोत्ये म्हटले, त्यांची गत एक नव्हती. विश्वासरावाचा देह रणात सापडला, ओळखला गेला. भाऊसाहेबांच्या देहाविषयी मात्र खात्री पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. कुंकू तसेच ठेवले. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणून एक तोतया उभा राहिला. कितीतरी लोकांनी त्याला मानले, किल्लेही त्याच्या हाती गेले, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. पार्वतीबाईंच्या कपाळीचे कुंकू त्यानंतरही तसेच होते.