माफीच्या साक्षीदाराची गोष्ट

नोकरीनिमित्त माझे बिऱ्हाड झाशीच्या सिविल लाइंसमध्ये आहे. रुंद रस्ते, ऐसपैस आवारे आणि रात्री दुरून ऐकू येणाऱ्या आगगाड्यांच्या शिट्ट्या, असा हा भाग. जॉन मास्टर्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘भोवानी’ नावाचे एक गाव कल्पिले. ते झाशीवरूनच बेतलेले आहे, असे मानतात. त्याच्या ‘भोवानी जंक्शन’ या कादंबरीवरील चित्रपट १९५६ साली निघाला. मला मात्र आज बोलावयाचे आहे ते त्याच्याच दुसऱ्या एका कादंबरीविषयी. तिचे नाव ‘द डिसीव्हर्स’, प्रकाशन १९५२, आणि विषय ठगांचा.

१९८८ साली निकोलस मेयर यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. निर्माते इस्माइल मर्चंट. भूमिका पियर्स ब्रॉस्नन, शशी कपूर आणि सईद जाफरी यांच्या. कंपनी सरकारचा विल्यम सॅव्हेज नावाचा अधिकारी वेषांतर करून ठगांच्या टोळीत शिरतो. प्रवाशांच्या गळ्याभोवती रुमाल आवळले जाताना तो पाहतो. आणि पाहता पाहता पकडणारा कोण व मारणारा कोण, हा भेदच त्याच्या मनात पुसट होऊ लागतो. प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा राहावा, असाच हा विषय आहे.

परंतु सरकारी नोकराला एक खोड असते. गोष्ट ऐकली, की तिचे मूळ कागद कोठे आहेत, असे तो विचारतो. ते शोधू लागले, की आपण पुन्हा झाशीच्याच परिसरात येऊन पोहोचतो.

१८३० साली झाशीच्या गादीवर रामचंद्रराव नेवाळकर होते. १८१८ नंतर पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, संस्थानांच्या फौजा घटल्या आणि हत्यार चालविणारी पुष्कळ माणसे बेकार झाली. रस्त्यांवरून काशीचे यात्रेकरू जात, रजेवर निघालेले शिपाई जात, सावकारांची रोकड नेणारी माणसे जात. ठग त्यांना वाटेत गाठत, सोबत करीत, चार दिवस विश्वास संपादन करीत आणि एखाद्या मुक्कामावर गळा आवळून प्रेते पुरून टाकीत. प्रेत सापडत नसे, म्हणून फिर्याद होत नसे. मेलेला मनुष्य दूरच्या मुलखातला. घरची माणसे वर्षानुवर्षे वाटेकडे डोळे लावून बसत.

विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने या गुन्ह्यांचा माग काढला, तो वेषांतर करून नव्हे. त्याचे हत्यार होते माफीचा साक्षीदार. फिरंगिया नावाचा एक ब्राह्मण ठग-जमादार झाशीच्या आसपासच्या खेड्यांत लपत असे. १८३० च्या अखेरीस तो सापडला. जीवदान मिळेल, या अटीवर तो बोलू लागला. सागर आणि भोपाळ यांच्या दरम्यान सलोहदा येथे ज्या आमराईत स्लीमन पत्नीसह तंबू ठोकून उतरला होता, तेथेच प्रेते पुरलेली आहेत, असे त्याने सांगितले. खणून पाहिले, तो खरेच सांगाडे निघाले. कोणी पंडित, कोणी हवालदार, कोणी गंगेच्या कावडी नेणारे.

यानंतर जबान्यांचे ढीग साचले. स्लीमनने टोळ्यांच्या वंशावळी आखल्या, नकाशे काढविले, ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश १८३६ साली छापला. त्याच साखळीची पुढची कडी म्हणजे फिलिप मेडोज टेलर याची १८३९ ची कादंबरी, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. टेलर निजामाच्या नोकरीत होता. पुढे १८५३ साली आपल्या नळदुर्गचा कारभार त्याच्याकडे आला. या कादंबरीत अमीर अली हा ठग स्वतःच आपली कहाणी एका साहेबाला सांगतो. खुन्याच्याच तोंडून खुनाची कथा ऐकविण्याची ही रीत पुढे अमेरिकन गुन्हेगारी चित्रपटांनी गाजविली. जेम्स केन याच्या कादंबरीवरून १९४४ साली निघालेल्या ‘डबल इन्डेम्निटी’त नायक ध्वनिमुद्रण यंत्रापुढे बसून आपला गुन्हा कबूल करतो. टेलरने ती रीत शंभर वर्षे आधी वापरली होती.

आता या प्रवासात काय घडले, ते पाहा. जबानीत साहेब प्रश्न विचारणारा होता. टेलरच्या कादंबरीत तो श्रोता झाला. मास्टर्सच्या कादंबरीत आणि चित्रपटात तोच नायक झाला. मेलेला पंडित आणि कावडी मात्र उत्तरोत्तर मागे पडत गेले.

हे केवळ वाङ्मयाचे दुःख असते, तर मी आपला वेळ घेतला नसता. गोष्टीच्या बरोबरीने कायदाही चालला होता. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने असे ठरविले, की मनुष्य ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले, की जन्मठेप. अमुक एक खून त्याने केला, हे सिद्ध करण्याची गरज नाही. प्रेते लपविणाऱ्यांविरुद्ध दुसरा उपाय नव्हता, हे खरे. पण कृत्याऐवजी संबंधाला शिक्षा देण्याची वाट त्याने मोकळी केली. त्याच विचाराने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आता टोळीची जागा जातीने घेतली. मूल जन्मतःच संशयित ठरले, हजेरी लागली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. विलक्षण असे, की सहगुन्हेगाराच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा पाहावा, ही सावधगिरी पुढच्याच वर्षी, १८७२ च्या पुरावा कायद्यात लिहिली गेली. माणसांच्या बाबतीत ती सुचली. जमातींच्या बाबतीत सुचली नाही. १९५२ साली तो जमातींचा कायदा रद्द झाला आणि ही माणसे ‘विमुक्त’ म्हणविली गेली. नाव बदलले, तरी संशय लगेच सुटला नाही. हे ज्यांनी लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचले आहे, त्यांना निराळे सांगावयास नको.

ठग मुळी नव्हतेच, असे मी म्हणत नाही. सलोहद्याची हाडे खरी होती. देवीपूजेचा एकच एक गुप्त पंथ, दहा लाख खून, या गोष्टी मात्र आजच्या इतिहासकारांना पटत नाहीत. ज्याला जगावयाचे आहे, तो साक्षीदार ऐकणाऱ्याला हवे ते सांगतो, आणि थोडे अधिकही सांगतो. पुष्कळ वर्षे मी जबान्या वाचीत आलो आहे. प्रत्येक वेळी समासात एकच प्रश्न लिहितो: याला दुजोरा कोणाचा?

चित्रपट आपण अवश्य पाहावा. पडदा मिटल्यावर, वाटेत गाठलेल्या त्या कावडीवाल्यांची आठवण तेवढी काढावी. आणि ज्यांनी कोणाच्याही गळ्याला कधी हात लावला नव्हता, तरी ज्यांची नावे हजेरीपटावर चढली, त्यांचीही.