इबादतखाना

इबादतखाना : मोगल सम्राट अकबर (१५४२–१६०५) याने फतेपुर सीक्री येथे १५७५ मध्ये उभारलेली धर्मचर्चेची वास्तू. ‘इबादतखाना’ या फार्सी संज्ञेचा अर्थ उपासनागृह असा होतो. तथापि ही वास्तू नित्याच्या उपासनेपेक्षा तेथे चाललेल्या वादसंवादांमुळेच इतिहासात प्रसिद्धी पावली. प्रारंभी केवळ मुसलमान विद्वानांपुरती मर्यादित असलेली ही सभा १५७८ नंतर हिंदू, जैन, पारशी, ख्रिस्ती इ. धर्मीयांना खुली झाली. निरनिराळ्या धर्मांच्या जाणकारांनी राजाश्रयाखाली एकत्र बसून परस्परांचे म्हणणे ऐकण्याचा भारताच्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा प्रयोग होय. त्याचे यश आणि अपयश ही दोन्ही सारखीच उद्‌बोधक आहेत.

पार्श्वभूमी : अकबर १५५६ मध्ये गादीवर आला. युद्धात पाडाव झालेल्यांच्या बायकामुलांना गुलाम करण्यास त्याने १५६२ मध्ये बंदी घातली. १५६३ मध्ये हिंदूंवरील यात्राकर आणि १५६४ मध्ये जिझिया रद्द केला. यावरून तो आरंभापासूनच सर्व धर्मांविषयी समबुद्धी बाळगीत होता, असे मात्र म्हणता येत नाही. फेब्रुवारी १५६८ मध्ये चितोडचा किल्ला पडल्यावर त्याच्या आज्ञेने हजारो लोकांची कत्तल झाली, आणि त्या विजयाच्या घोषणापत्राची भाषा धर्मयुद्धाचीच होती. म्हणजेच इबादतखान्याची स्थापना करणारा अकबर हा जन्मजात शांतिदूत नव्हता. सत्ता स्थिरावल्यावर धर्माच्या मूलतत्त्वांविषयी त्याला पडलेले प्रश्न, सूफी संतांविषयीची ओढ आणि बहुधर्मीय साम्राज्य चालविण्याची निकड या तिन्हींमधून त्याच्या विचारांना हळूहळू वेगळे वळण लागले.

बंगालचा सुलतान सुलेमान कररानी हा धर्मपंडितांच्या सहवासात उपासना करीत असे, ही वार्ता अकबराच्या कानी आली होती. बदख्शानचा मिर्झा सुलेमान हा सूफी वृत्तीचा राजपुरुषही दरबारी येणार होता. इतिहासकार अब्दुल कादिर बदाऊनी याने इबादतखान्याच्या उभारणीच्या संदर्भात या दोन्ही गोष्टींचा उल्लेख केला आहे. शेख अब्दुल्ला नियाझी या साधकाच्या ओस पडलेल्या कोठडीच्या जागी ही वास्तू बांधण्यात आली व तिच्या चार बाजूंना चार दालने काढण्यात आली.

सभेचे स्वरूप : शुक्रवारच्या पूर्वरात्री, म्हणजे गुरुवारी सायंकाळनंतर, सभा भरत असे आणि पुष्कळदा ती उत्तररात्रीपर्यंत चाले. कोणी कोठे बसावे यावरूनच प्रथम तंटा झाला. तेव्हा अमीरांनी पूर्वेस, सय्यदांनी पश्चिमेस, उलेमांनी दक्षिणेस व शेखांनी उत्तरेस बसावे, असे बादशहाने ठरवून दिले. तो स्वतः एका दालनातून दुसऱ्या दालनात जाऊन चर्चा ऐके व प्रश्न विचारी.

या चर्चांतून उलेमांचे एकमत प्रकट होण्याऐवजी त्यांच्यातील वैमनस्यच चव्हाट्यावर आले. मखदूम-उल्-मुल्क ही पदवी धारण करणारा अब्दुल्ला सुलतानपुरी आणि साम्राज्याचा सद्र शेख अब्दुन्नबी हे दोघे परस्परांना पाखंडी ठरवू लागले. वर्षअखेरीस आपली मालमत्ता पत्नीच्या नावे करून मखदूम-उल्-मुल्क जकात चुकवितो, ही गोष्टही याच काळात उघड झाली. सभेत जो अनुचित बोलेल त्याचे नाव सांगावे, त्यास बाहेर काढू, असे अकबराने एकदा बदाऊनीस सांगितले. तसे केल्यास बहुतेकांना उठून जावे लागेल, असे बदाऊनी शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला. बादशहाने ते विचारून घेतले व तो प्रसन्न झाला. हा प्रसंग सनातनी मताच्या बदाऊनीनेच नोंदविला असल्यामुळे त्यास विशेष महत्त्व आहे.

सभेतील प्रश्न केवळ पांडित्याचे नव्हते. मशिदीसाठी जमविलेले साहित्य देवळाच्या बांधकामास वापरल्याचा आणि पैगंबरांची निंदा केल्याचा आरोप मथुरेच्या एका धनिक ब्राह्मणावर आला, तेव्हा अब्दुन्नबीने त्यास देहांताची शिक्षा अंमलात आणविली. या घटनेने अकबर अतिशय अस्वस्थ झाला. धर्मशास्त्राचा अर्थ लावणाऱ्यांच्या हाती माणसाच्या जिवाची दोरी असावी काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. सप्टेंबर १५७९ मध्ये शेख मुबारक याने तयार केलेल्या ‘महजर’ नामक पत्रकावर प्रमुख उलेमांच्या सह्या घेण्यात आल्या. शास्त्रज्ञांत मतभेद असल्यास लोकहिताच्या दृष्टीने योग्य वाटेल ते मत स्वीकारण्याचा अधिकार त्यान्वये बादशहास मिळाला. पुढे अब्दुन्नबी व मखदूम-उल्-मुल्क या दोघांची मक्केस रवानगी झाली.

अन्य धर्मीयांचा सहभाग : १५७८ पासून सभेचे दार सर्वांना उघडले. शेख मुबारकचा पुत्र व अकबराचा इतिहासकार अबुल फज्ल (१५५१–१६०२) याने सभेस येणाऱ्यांची जी यादी दिली आहे, तीत सूफी, तत्त्वज्ञ, सुन्नी, शिया, ब्राह्मण, जैन यती, चार्वाक, ख्रिस्ती, यहुदी व जरथुश्त्री यांचा समावेश आहे. ईश्वर न मानणाऱ्या चार्वाकांनाही येथे आसन होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. नवसारीचे पारशी धर्मगुरू दस्तूर मेहेरजी राणा यांनी दरबारी येऊन जरथुश्त्री धर्माचे विवरण केले; त्यांच्या घराण्यास पुढे नवसारी येथे जमीन इनाम मिळाली.

ख्रिस्ती धर्माची माहिती करून घेण्यासाठी अकबराने गोव्यास दूत पाठविला व दोन विद्वान धर्मगुरू धाडण्याची विनंती केली. त्यानुसार इटालियन जेझुइट रूदोल्फो आक्वाविवा, कॅटलन आंतोनियो मोन्सेराते आणि मूळचा इराणी असलेला दुभाषी फ्रान्सिस्को हेन्रिकेश हे नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस सीक्रीस पोहोचले. त्यांनी अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल बादशहास नजर केले. अकबराने राजपुत्र मुराद यास शिक्षणासाठी मोन्सेरातेच्या स्वाधीन केले. बादशहा लवकरच बाप्तिस्मा घेईल, अशी पाद्र्यांची अपेक्षा होती. बादशहास मात्र धर्मांतर करावयाचे नसून समजून घ्यावयाचे होते. हा गैरसमज शेवटपर्यंत टिकला.

साधनांतील विसंगती : इबादतखान्याविषयीची प्रमुख साधने तीन प्रकारची आहेत : अबुल फज्लचा अकबरनामा, बदाऊनीने गुप्तपणे लिहिलेला व जहांगीरच्या कारकीर्दीत प्रकाशात आलेला मुन्तखब-उत्-तवारीख आणि मोन्सेरातेचा लॅटिन वृत्तांत. या वृत्तांताचे हस्तलिखित १९०६ मध्ये कलकत्त्यास सापडले व ते १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच घटनेचे या तिघांनी केलेले वर्णन ताडून पाहण्यासारखे आहे. एकाने कुराण व दुसऱ्याने बायबल घेऊन अग्नीत शिरावे व सत्याचा निर्णय व्हावा, असा प्रस्ताव सभेत निघाला होता. अबुल फज्लच्या मते पाद्री त्यास सिद्ध होते व उलेमा कचरले. बदाऊनीच्या मते एका फकिराने आव्हान दिले व पाद्री मागे सरले. मोन्सेरातेच्या मते असे दिव्य करणे म्हणजे ईश्वराची परीक्षा पाहणे होय, म्हणून आक्वाविवानेच त्यास नकार दिला. एकाच दालनात बसलेल्यांनीही एकमेकांचे बोलणे आपापल्या पूर्वग्रहाच्या पडद्याआडून ऐकले, हेच यावरून दिसते. मात्र अग्नी पेटविण्यात आला नाही आणि कोणाचाही जीव गेला नाही, याविषयी तिन्ही वृत्तांतांत दुमत नाही.

वादाकडून संवादाकडे : पूर्व प्रांतांत १५८० मध्ये अकबराविरुद्ध बंड उद्‌भवले व जौनपूरच्या काझीने बंडास धर्माचा आधार दिला. १५८१ मध्ये बादशहा काबूलच्या मोहिमेवर गेला. त्यानंतर १५८२ च्या सुमारास इबादतखान्यातील जाहीर वादसभा थंडावल्या. जय-पराजयाच्या ईर्षेने चालणारा वाद मने जोडत नाही, असा अनुभव या सहा-सात वर्षांत आला होता. त्यापुढील काळात खाजगी संभाषणे व ग्रंथांची भाषांतरे या दोन मार्गांवर भर देण्यात आला, आणि अधिक टिकाऊ कार्य या मार्गांनीच झाले.

जैन आचार्य हीरविजयसूरी हे गुजरातेतून पायी चालत १५८३ मध्ये सीक्रीस आले. जैन साधू वाहन वापरीत नसल्यामुळे बादशहाने देऊ केलेली वाहने त्यांनी नाकारली होती. त्यांनी अकबरास जैन होण्यास सांगितले नाही. त्यांचे मागणे जीवदयेचे होते. पर्युषणाच्या काळात प्राणिहत्येस बंदी करणारी फर्माने निघाली व पिंजऱ्यातील पक्ष्यांची मुक्तता झाली. बादशहाने आचार्यांना ‘जगद्‌गुरु’ ही पदवी दिली. धर्मचर्चेतून करुणेचा प्रत्यक्ष आचार निष्पन्न झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

महाभारताचे फार्सी भाषांतर करण्याची आज्ञा १५८२ मध्ये झाली. ब्राह्मण पंडितांनी अर्थ सांगावा व नकीब खान, बदाऊनी प्रभृतींनी तो फार्सीत उतरवावा, अशी पद्धत होती. रझ्मनामा या नावाने ते सिद्ध झाले. परस्परांच्या ग्रंथांविषयीचे अज्ञान हे द्वेषाचे एक कारण आहे व भाषांतराने ते दूर व्हावे, अशी भूमिका अबुल फज्लने त्याच्या प्रस्तावनेत मांडली आहे. रामायणाचे भाषांतर बदाऊनीस नाखुशीने करावे लागले. त्यापूर्वी अथर्ववेदाच्या भाषांतराचा प्रयत्न झाला असता दक्षिणेतून आलेल्या व इस्लाम स्वीकारलेल्या भावन नामक ब्राह्मणाचे साहाय्य घेण्यात आले होते.

या साऱ्या मंथनातून ‘सुल्ह-इ-कुल’ म्हणजे सर्वांशी सलोखा हे राज्यकारभाराचे सूत्र पुढे आले. ‘दीन-इ-इलाही’ नावाचा नवा धर्म अकबराने स्थापिला, ही समजूत पुष्कळ रूढ असली, तरी तो धर्म नसून निवडक अनुयायांचे एक मंडळ होते व त्यांची संख्याही अल्प होती. त्या मंडळाहून सुल्ह-इ-कुलचे ऐतिहासिक महत्त्व कितीतरी अधिक आहे.

महाराष्ट्र व गोवा : याच काळात पैठण येथे संत एकनाथ (१५३३–९९) यांनी हिंदू-तुर्क संवाद हे भारूड रचले. त्यात दोघे प्रथम एकमेकांची यथेच्छ निंदा करतात व अखेरीस भेद मिटून परस्परांस आलिंगन देतात. सीक्रीची सभा राजाज्ञेने भरत होती. एकनाथांचा संवाद लोकभाषेत, कोणत्याही राजाश्रयाविना, सामान्य श्रोत्यांसमोर होत होता.

गोव्यातील घटना मात्र याच्या अगदी उलट आहे. आक्वाविवा १५८३ मध्ये सीक्रीहून गोव्यास परतला. त्यास साष्टीत नेमण्यात आले. पोर्तुगीज सैन्याने तेथील देवळे उद्ध्वस्त केल्यामुळे गावकऱ्यांत तीव्र क्षोभ होता. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहण्यास कुंकळ्ळी येथे गेलेल्या आक्वाविवासह पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यानंतर बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून पोर्तुगिजांनी त्यांची हत्या केली. मृत जेझुइटांच्या दफनाची व्यवस्था करणारा टॉमस स्टीफन्स याने पुढे ख्रिस्तपुराण (१६१६) हे ओवीबद्ध काव्य मराठीत रचले. सीक्रीत परधर्मीयांच्या मध्यभागी तीन वर्षे निर्भयपणे आपले मत मांडणारा आक्वाविवा कुंकळ्ळीत मारला गेला, कारण तेथे चर्चा नव्हती, सक्ती होती. ज्यांची दैवते मोडली गेली, त्यांचे म्हणणे ऐकणारे कोणी नव्हते. आणि जेव्हा बोलावणे आले, तेव्हा ते कपटाचे निघाले.

मूल्यमापन : राजधानी १५८५ मध्ये लाहोरला हलली व सीक्री ओस पडू लागली. कालांतराने इबादतखाना नेमका कोठे होता याचेही विस्मरण झाले. विसाव्या शतकातील उत्खननांनंतरही त्याच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अकबरनाम्यासाठी चितारलेले, अकबर व काळ्या झग्यातील पाद्री यांचे नरसिंहाचे चित्र मात्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

या प्रयोगाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. तो एका व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून होता. त्यास स्थायी संस्थेचे रूप आले नाही. सभेत सामान्य रयतेस स्थान नव्हते, आणि वाद करणाऱ्यांस बादशहाची मर्जी संपादन करण्याचा मोह होता. तरीही त्याचा वारसा लोपला नाही. अकबराचा पणतू दारा शुकोह (१६१५–५९) याने उपनिषदांचे फार्सी भाषांतर १६५७ मध्ये पूर्ण केले. त्यावरून झालेल्या लॅटिन भाषांतराच्या द्वारे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपास उपनिषदांचा परिचय झाला. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला, तेव्हा त्याच्या निषेधार्थ लिहिलेले एक फार्सी पत्र शिवाजी महाराजांचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या कर्तृत्वाविषयी मतभेद असले, तरी त्यात अकबराच्या समदृष्टीचा आदराने दिलेला दाखला महत्त्वाचा आहे.

इबादतखान्याच्या इतिहासावरून दोन गोष्टी दिसून येतात. प्रतिपक्षास निरुत्तर करण्यासाठी झालेल्या चर्चांतून कटुताच वाढली. ज्या चर्चांत एकाने दुसऱ्याचा ग्रंथ वाचला किंवा दुसऱ्याच्या मागण्यातील दयाभाव ओळखून तो आपल्या आज्ञापत्रात उतरविला, त्या फलद्रूप झाल्या. तसेच निर्भयपणे बोलण्याची हमी हा अशा संवादाचा पाया असतो. ती हमी सीक्रीत काही वर्षे होती. कुंकळ्ळीत ती नव्हती.